लोरेनमावशीनं न वेचलेलं बोंड

त्या काळात आमच्या घरात माणसांपेक्षा कापसाला जास्त जागा होती. घर म्हणजे काय, कुडाच्या दोन खोल्या आणि वर टिनपत्रे. एका खोलीत चूल, पाण्याचे गुंड आणि आम्ही. दुसरीत भुईपासून पत्र्यापर्यंत कापूस. अर्धा कापूस पेरणीच्या तोंडावर पडत्या भावात गेला होता, उरलेला बाच्या हट्टापायी घरात पडून होता. बा म्हणजे आमचे वडील. माणूस गरीब स्वभावाचा, पण एकदा बसला की बसला. 'भाव येईन,' असं तो रोज सकाळी लाल चहा पिताना म्हणायचा, आणि याडी, म्हणजे आमची आई, तेवढ्याच शांतपणे विचारायची, 'कोणत्या गाडीनं येऊन राह्यला?' नवी बोंडं फुटायला आली तरी भाव काही आला नाही. माझी धाकटी बहीण जमुना आणि मी त्या ढिगावरच झोपायचो. ऐकायला मऊ वाटतं. कापसातले बारीक किडे अंगभर खाज आणत, नाकात तंतू जात, आणि चुलीतून एखादी ठिणगी उडाली की याडी हातातली भाकर टाकून धावायची.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा घाटंजीच्या अलीकडे, गाव संपून नाला ओलांडला की. घरात आम्ही गोरबोली बोलायचो, गावात गेलं की वऱ्हाडी, शाळेत पुस्तकातली मराठी. मी इथं याडीचं बोलणं वऱ्हाडीत लिहितेय, कारण गोरबोलीत लिहिलं तर माझी स्वतःची मुलंसुद्धा वाचणार नाहीत. असो. याडी उंच, हाडापेराची, कानात जड चांदी आणि तोंडात तिखट. तांड्यातल्या वेचणीच्या बायकांची ती म्होरकी होती. पाटलाच्या शेतात कोणी कोणती पात धरायची ते तीच ठरवी. पात म्हणजे वेचताना एकेका बाईच्या वाट्याला येणाऱ्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडांच्या, ओळी. एकदा पात धरली की शेवटापर्यंत सोडायची नाही. मधेच कोणी उठली तर तिची पात बाकीच्यांच्या गळ्यात पडते, म्हणून.

मी तेव्हा बारावीला होते. आमच्या तांड्यातून तिथवर गेलेली मी पहिलीच पोरगी, आणि याचं कौतुक मला सोडून सगळ्यांना होतं. मला फक्त धास्ती होती. दर वर्षी वेचणीत माझी शाळा बुडायचीच, पण कॉलेजातल्या सरांनी या खेपेला स्वच्छ सांगून टाकलं होतं की दिवाळीनंतर दांड्या मारल्या तर परीक्षेला बसता येणार नाही. आणि याडीनं त्याच आठवड्यात तितक्याच स्वच्छपणे सांगितलं, 'दिवाळी झाली का पात धरजो. दोन बाया कमी हायेत औंदा.' बारावी राहिली की लग्न, हे कुणी बोलायची गरज नव्हती. दारव्ह्याकडचे एक पाहुणे चहा पिऊन गेलेही होते. माझं काय होणार ते त्या एका वेचणीवर होतं, आणि मी रोज सकाळी उठून बोंडं पाहायचे. ती माझ्या मताची वाट पाहणार होती थोडीच!

अशात लोरेन आली. यवतमाळच्या एका संस्थेच्या साहेबांनी गावात निरोप दिला होता की अमेरिकेहून एक बाई येणार आहेत, कापूस वेचणाऱ्या बायांचं जगणं त्यांना पाहायचंय, वेचणीभर राहतील. राहायची सोय पाटलाकडे. इंग्रजी समजणारी पोरगी हवी म्हणून माझं नाव कुणीतरी सुचवलं. आमच्या कॉलेजातलं इंग्रजी मी मराठीतून शिकले होते, पण हे पाटलाला कोण सांगणार! जीप आली तेव्हा अर्धं गाव जमलेलं. दार उघडून एक धिप्पाड काळी बाई उतरली, केस बारीक कापलेले, पन्नाशीकडे झुकलेली. तिनं सगळ्यांना हात जोडले. पाटील तिच्या खांद्यावरून जीपमध्ये बघत म्हणाला, 'मॅडम मांगून येऊन राह्यल्या काय?' साहेब म्हणाले, 'ह्याच मॅडम.' पाटलाच्या हातातला हार तसाच राहिला. तो घालायचा का ठेवायचा, हे त्याला बराच वेळ ठरवता आलं नाही.

तिला गोठ्याला लागून असलेली खोली दिली, 'हवेशीर' म्हणून. थोड्याच दिवसांत पाटलीणबाईंना स्वयंपाकघर लहान वाटू लागलं. साहेबांनी मग तांड्यात विचारलं आणि याडी म्हणाली, 'येऊ द्या. कापसावर झोपत असन तर झोपू द्या.' पण आम्ही फार शहाणे होतो अशातला भाग नाही. तांड्यातल्या बायकासुद्धा तिच्या दंडाला बोट लावून बघायच्या. 'अमेरिकेत असे बी असतात काय वं?' असं मला विचारायच्या. एका काकीनं तर मायेनं, चोरून, तिच्या हातात गोरं व्हायच्या क्रीमची ट्यूब ठेवली. लोरेननं ती उलटीसुलटी पाहिली आणि इतकं हसली, इतकं हसली, की काकीला वाटलं क्रीम आवडली.

तांड्यात माणूस आलं की आधी गोत विचारतात. गोत कळल्याशिवाय कोण कोणाची बहीण, कोणाशी थट्टा चालते, काही ठरत नाही. तांड्याच्या म्हाताऱ्या नायकानं चावडीवर तिला तेच विचारलं. मी कसंबसं इंग्रजी केलं. लोरेन म्हणाली, 'माझं आडनाव माझ्या पणजोबाच्या मालकाचं आहे. त्याच्याआधीचं काय होतं ते कुणालाच माहीत नाही.' मी सांगितलं तसा नायक खाकरला. 'गोत हरवलं म्हणून माणूस काय बेवारस राह्यते? ज्या घरी उतरली त्या घरच्या बाईचं गोत तिचं.' याडी माहेरची चव्हाण. झालं, लोरेन चव्हाण झाली, याडीची बहीण झाली, माझी मावशी झाली.

आता आमच्यात बहिणी भेटल्या की नुसतं 'कशी आहेस' म्हणत नाहीत. गळ्यात गळा घालून, डोक्यावरून पदर घेऊन, सुरात रडतात. मागच्या भेटीपासून जे जे झालं ते सगळं त्या रडण्यात सांगतात: कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, कोणता बैल गेला. याडीनं लोरेनला मिठी मारली आणि सूर लावला. लोरेन घाबरून गेली. याडीच्या खांद्यावरून मला विचारते, 'कोण वारलं?'

'कोणी नाही. आत ये म्हणतेय. मागच्या भेटीपासूनचं सांगतेय.'

'पण आम्ही तर कधी भेटलोच नव्हतो!'

'म्हणूनच लांबलंय,' मी म्हणाले. आयुष्यात इंग्रजीतून केलेला माझा पहिला विनोद. तोही खराच होता.

पुढचे दिवस बरे गेले, खोटं कशाला बोलू. लोरेनमावशी ज्वारीची जाड भाकर आणि अंबाडीची भाजी आवडीनं खायची. तिच्या आजीकडं मक्याची भाकर आणि असाच पाला शिजायचा म्हणे. 'मंग आपलंच खाणं हाये,' याडी खूश. बा तिला चिडवायचा, 'तुमच्या अमेरिकेचा कापूस सस्त्यात येते म्हणून आमचा घरात पडून हाये. त्याच्यावरच झोपता न् वरून!' मी हे भीतभीत सांगितलं, तर ती म्हणाली, 'तो कापूस आता आमचाही नाही. पूर्वीही नव्हता, फक्त वेचायला आमचा होता.' बाला हे फार पटलं. तो दोन दिवस तांड्यात सांगत फिरला.

मग पहिली वेचणी आली. पाटलाच्या शेतात जाण्याआधी आमच्या स्वतःच्या टीचभर वावरात सुरुवात करायची पद्धत. एका पऱ्हाटीखाली हळदकुंकू वाहायचं, दहीभात शिंपडायचा, आणि पहिलं बोंड घरच्या बाईनं नाही, तिच्या माहेरच्या बाईनं वेचायचं, अशी आमच्या घरातली रीत. माहेरच्या हाताला बरकत असते म्हणे. याडीला सख्खी बहीण उरली नव्हती. कित्येक वर्षं ती शेजारणीच्या हातानं भागवत होती. त्या सकाळी तिनं ठेवणीतली फेटिया, आमचा आरशांचा घागरा, नेसली, लोरेनमावशीच्या कमरेला कापूस वेचून टाकायची ओटी स्वतः बांधली आणि तांड्यातल्या सगळ्या बायांसमोर तिला पऱ्हाटीपाशी नेलं. मान द्यायचा म्हणजे याहून मोठा मान आमच्याकडं नव्हता.

लोरेनमावशीला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं, पण यात सांगण्यासारखं काही आहे हेच आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. दहीभात होईतो ती हसतमुखानं उभी होती. याडीनं तिचा हात धरून फुटलेल्या बोंडाकडं नेला, तसा तिनं तो झटकन मागं ओढला. दोन्ही हात पाठीमागं घेतले. 'नाही,' म्हणाली. 'मी हे करणार नाही.' तिनं कमरेची ओटी सोडून घडी केली आणि याडीच्या हातात दिली.

'काय झालं वं हिले?' बाया विचारू लागल्या. याडीचा चेहरा उतरला. बहिणीनं पहिलं बोंड नाकारलं म्हणजे वर्षाचा अपशकुन. त्यात भाव पडलेला, जुना कापूस अजून घरात पडून. तिनं बोंड स्वतःच्या हातानं ओढून काढलं, ओटीत टाकलं, आणि पात धरली. आम्ही सगळ्या तिच्यामागं. लोरेनमावशी बांधावर उभी राहिली.

दुपारी घरी आल्यावर याडीचा बांध फुटला. 'लाज वाटते काय तिले आमच्या कामाची? मी इले बहीण केली, अन् ही हात मागं घेते! पाटलीण बरी मंग, थे सांगून तरी करते. साहेबाले निरोप दे, जीप आण म्हणा.' लोरेनमावशी दारात उभी. भाषा कळत नसली तरी राग कळतोच. ती म्हणाली, 'मला सांगू दे. तू नीट सांग तिला.'

तिनं सांगितलं ते असं. तिच्या गावाकडं तिची आजी, आई, सगळे गोऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. लोरेनही लहानपणी वेचायची. गोऱ्या पोरांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. कापूस फुटला की काळ्यांच्या शाळेला कुलूप लागायचं. पोरं शेतात हवीत म्हणून. वेचणी संपली की शाळा उघडायची. मग लोक रस्त्यावर उतरले, मार खाल्ला, तुरुंगात गेले, आणि कायदा बदलला. लोरेनचं नाव गोऱ्यांच्या शाळेत घातलं गेलं त्या दिवशी आजीनं तिला समोर बसवून शपथ घातली: या घरातला हात पुन्हा पऱ्हाटीला लागणार नाही. 'वेचलेल्या कापसाशी माझं भांडण नाही,' ती म्हणाली. 'मी त्यावर झोपते. पण झाडावरून मी तो काढणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही.'

कुलपाचं वाक्य सांगताना माझी जीभ अडखळली. आवाज चढला असेल, डोळ्यांत पाणीही आलं असेल. याडीनं तेवढंच बरोबर पकडलं.

'हे शाळेचं तूच घुसडलं मधात,' ती म्हणाली.

'नाही वं याडी, तिनंच...'

'अमेरिकेत शाळेले कुलूप लावतात? कापसासाठी? मले काय येडी समजली? तुले पात धराची नाही म्हणून तिच्या तोंडून बोलून राह्यली तू!'

माझ्या जागी दुसरी कोणी असती तर मलासुद्धा तोच संशय आला असता. इंग्रजी जाणणारं घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि जिला त्या गोष्टीचा फायदा होणार तीच एकटी ती गोष्ट सांगत होती. मी रडायला लागले. लोरेनमावशीनं विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, शाळेचं मी माझ्या मनानं घातलं म्हणते.

लोरेनमावशीनं मला हातानं बाजूला केलं आणि खोलीच्या मधोमध आली. एवढी मोठी बाई, पण ती वाकून लहान पोर झाली. कापसाच्या ढिगाकडं तोंड करून बसली, मांडीवर पाटी घेतल्यासारखी, बोटानं अक्षरं गिरवू लागली. मग उठून मास्तर झाली, पोरांना हाकललं, दार ओढलं, कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. पुन्हा पोर झाली. कोणीतरी तिचा हात धरून तिला ओढत नेतंय. गळ्यात लांब पोतं, ते मातीत फरफटतंय. आणि मग ती वेचू लागली. समोर पऱ्हाटी नाही, बोंड नाही, पण तीन बोटं बोंडात घालून, मनगट वळवून, एका हिसक्यात सगळ्या पाकळ्यांतला कापूस ओढायचा, वाळलेलं टोक नखात शिरलं की बोट तोंडात घालायचं आणि दुसरा हात थांबू द्यायचा नाही. जमुना हसली. तिला तो खेळ वाटला. याडी हसली नाही. ती लोरेनमावशीच्या मनगटाकडं बघत होती.

'ही वेचलेली हाये,' याडी हळूच म्हणाली. 'थे वळवणं ऐकून येत नाही.'

ती उठली, गुंडातलं पाणी घेऊन लोरेनमावशीला दिलं आणि तिच्यासमोर बसली. मग मला म्हणाली, 'आता नीट सांगजो, तुह्या पदरचं काही घालू नोको. इले विचार, आता तरी तिकडं सगळे सारखे झाले काय?'

लोरेनमावशीनं आधी पाणी संपवलं. नंतर आयुष्यात मी या विषयावर पुष्कळ वाचलं, शाळेत पोरांना शिकवलंही, पण माझ्या डोक्यात बसलेलं उत्तर तेच. ती म्हणाली, पाणी प्यायचे नळ एक झाले. बसमध्ये कुठंही बसता येतं. माझ्या बापाला मत देता येत नव्हतं, मला येतं. शाळा एक झाली, तर गोऱ्यांनी आपली पोरं काढून दुसरीकडं नेली, ती शाळा पुन्हा काळ्यांचीच उरली. बापानं थोडी जमीन घेतली होती. बँकेचा पैसा शेजारच्या गोऱ्याला पेरणीआधी मिळायचा, आम्हाला पेरणी उलटल्यावर. गेली जमीन. माझ्या भावाला आता चांगली नोकरी आहे, चांगली गाडी आहे, आणि म्हणूनच पोलीस त्याला थांबवतात.

'चोरीची वाटत असन,' याडी लगेच म्हणाली. 'आपल्या पोट्ट्याइच्या मोटारसायकलीचं तसंच हाये ना! गावात इंजिन चोरीले गेलं का पोलीस पहिले तांड्यात.' आणि मग तिनं विचारलं, 'मंग एवढं करून झालं काय बाप्पा?'

'मी इथं बसलेय, एवढं झालं. माझ्या आजीनं शेजारचा जिल्हासुद्धा पाहिला नव्हता.'

'अन् तुमची पात कोणं धरली?'

'यंत्रानं. यंत्र आलं, मग आमची गरजच उरली नाही.'

याडी हसली. तसं दमलेलं हसू मी तिच्या तोंडावर पुढंही फार वेळा पाहिलं. 'आमच्याकडं थे बी येत नाही. बाई सस्ती पडते.'

जीप बोलवायची गोष्ट निघाली नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता, याडी म्हणाली, 'कॉलेजात जाजो तू. दिवाळीनंतर बी.' मला आनंद झाला का? झाला, खूप झाला, मी लोरेनमावशीच्या गळ्यात पडले. तिनं मला उचललंच. बा म्हणाला, 'बरं झालं,' आणि नेहमीप्रमाणे भावाचं काय ते बोलला.

दिवाळी झाली. मी वेणी घालून पुस्तकं घेतली आणि दारात आले, तर याडी जमुनाच्या कमरेला ओटी बांधत होती. ओटी मोठी आणि पोरगी लहान, म्हणून दोन वेढे देऊन. जमुना गावच्या शाळेत सहावीत होती. लोरेनमावशी चहा पीत होती. तिनं कप खाली ठेवला. 'ही?' तिनं मला विचारलं. 'ही कुठं चालली? तिला विचार, ही छोटी का?'

मी विचारलं. याडीनं गाठ मारली, मग लोरेनमावशीकडं सरळ पाहिलं. रागानं नाही. 'पात तं कोणी धराच लागते. मंग तू धर म्हणा.'

मी ते इंग्रजीत सांगितलं. सांगावं लागलंच, ती माझ्या तोंडाकडंच बघत होती. लोरेनमावशीनं आपल्या हातांकडं पाहिलं. मग उठली, कोपऱ्यातली पाण्याची घागर घेतली आणि बायांच्या मागोमाग शेताकडं चालू लागली. त्या साली वेचणीभर ती सगळ्यांना पाणी देत फिरली, जमुनाला सगळ्यांत आधी. ओटी भरली की उचलून बांधावर नेऊन रिकामी करायची. पण पऱ्हाटीला तिनं हात लावला नाही. याडीनं पुन्हा म्हटलं नाही आणि मीसुद्धा कधी विचारलं नाही. वेचणी संपल्यावर ती गेली, तेव्हा दोघी बहिणी पुन्हा गळ्यात पडून रडल्या. या वेळी लोरेनमावशीलाही सूर लागला.

मी बारावी झाले, डीएड झाले. उमरखेडकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे, केस पांढरे झालेत. वेचणीच्या दिवसांत माझ्या वर्गातले निम्मे बाक आजही रिकामे असतात. मी घरोघर जाऊन आयांशी भांडते. त्या माझ्यापुढं मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी पोरींना घेऊन जातात. जमुना पुन्हा शाळेत गेली नाही. 'तिले शाळेचा कंटाळाच होता,' असं याडी शेवटपर्यंत सांगायची, आणि आम्ही सगळे ते मानायचो, जमुनाही काही बोलायची नाही. दारव्ह्याकडं तिचं लग्न झालं. जे पाहुणे माझ्यासाठी चहा पिऊन गेले होते, त्यांच्याच घरात. अजून वेचते.

लोरेनमावशीचा फोन येत राहिला. तिकडं काळा माणूस सगळ्यात मोठ्या खुर्चीवर बसला तेव्हा याडी जिवंत होती. मी फोन तिच्या कानाला लावला. 'आता तं तुमचाच झाला, आता सुधरन सगळं?' याडीनं विचारलं. लोरेनमावशी म्हणाली, रात्रभर रडले आनंदानं. सकाळी भावाला पुन्हा रस्त्यात थांबवलं. 'हाव,' याडी म्हणाली, 'आमच्यातले बी मोठ्या खुर्चीवर बसले ना. नाल्यावर पूल झाला काय?' पूल मागच्या की त्याच्या मागच्या साली झाला. याडी तो बघायला नव्हती.

गेल्या दिवाळीत जमुना डोळे दाखवायला माझ्याकडं आली होती. लोरेनमावशीचा व्हिडिओ कॉल आला. गुडघे गेलेत, पण आवाज तोच. भावाचा नातू आता गाडी शिकलाय, म्हणाली, आणि पोलिसांनी थांबवलं तर हात कुठं ठेवायचे, आवाज किती खाली ठेवायचा, हे त्याची आई त्याला रोज शिकवते. जे आम्ही भावाला शिकवलं, अगदी तेच शब्द, असंही म्हणाली. मी हं हं करत होते. थकवा येतो हो ऐकून, आणि ती सांगूनच थकलेली. एवढ्यात जमुनानं माझ्या हातातून फोन घेतला. आजवर तिनं कधी दोन शब्दांपुढं बोलणं केलं नव्हतं.

'मावशे,' ती म्हणाली, 'तुले बहीण होती काय वं?'

मी विचारलं. लोरेनमावशी म्हणाली, 'होती. रूथ. माझ्याहून मोठी.'

'तिले बी शपथ घातली होती आजीनं?'

'नाही,' लोरेनमावशी म्हणाली. 'मी तुम्हाला घरातला हात म्हणून सांगितलं. आजी म्हणाली होती, हा हात. एकीला शाळेत पाठवायचं तर दुसरीला शेतात राहावं लागणार होतं. यंत्र येईपर्यंत रूथ वेचत होती. मग लोकांची घरं झाडली. त्या सकाळी तुझी याडी तुला ओटी बांधत होती ना, तेव्हा मला सगळं दिसत होतं.' मी हे सगळं सांगितलं, माझ्या पदरचं काही न घालता. जमुनानं मान डोलावली, जसं काही तिला माहीतच होतं.

'तिला एक विचारशील?' लोरेनमावशी म्हणाली. 'रूथला मी कधी विचारलं नाही, आता ती नाही. जमुनाला विचार, तिला शाळा आवडायची का?'

मी विचारलं. जमुनानं फोनकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

'आवडे ना वं,' ती म्हणाली. 'तुह्यापेक्षा जास्त आवडे.'